दमणीच्या धावा

वामनराव इंगोल्यांना राग यायला एरवी फार कारण लागत नसे. विड्यात चुना जास्त पडला तरी भागायचं. पण त्या सालात अख्खा वऱ्हाड त्यांना डिवचायला टपून बसला होता. सातासमुद्रापलीकडे अमेरिका म्हणून कुठलासा मुलूख, तिथे भावाभावांत जुंपली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, आणि विलायतेचे गिरणीवाले अमरावतीच्या पेठेत माणसं धाडून आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांची मनधरणी करू लागले. काल ज्यांच्या घरी भाकरीवर तेल नव्हतं ते आज जिलबी शिळी आहे म्हणून नाक मुरडू लागले. यात वामनरावांचं काय बिघडलं, असं कुणी विचारील. सांगतो. वामनरावांची पाणी धरून ठेवणारी उत्तम काळी जमीन होती, आणि ती त्यांनी ही भाऊबंदकी लागायच्या नेमक्या आदल्या साली किसनराव नावाच्या कुळाला ठरावीक खंडानं, चांगल्या लांब मुदतीवर देऊन टाकली होती. अमरावतीच्या कचेरीत कारकुनी करायची आणि वर शेतीची कटकट कशाला, असा त्यात विचार होता. तो विचार आठवला की ते जेवता जेवता पानावरून उठत.

त्या किसनरावानं पोळ्याला आपल्या बंडीच्या, म्हणजे माल वाहायच्या बैलगाडीच्या, चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या. धाव म्हणजे चाकाच्या लाकडी घेराभोवती तापवून बसवतात ती पट्टी. शहाणी माणसं ती लोखंडाची बसवतात. किसनराव चांदीच्या धावा लखलखवत वामनरावांच्या दारावरून गेला, जाताना खाली उतरून त्यानं मालक म्हणून रामराम केला, आणि त्या रामरामानं वामनरावांचा उरलासुरला दिवसही नासला.

एवढ्यावर भागलं असतं, पण जमुना होती. जमुना त्यांची एकुलती लेक, अकोल्याला दिलेली. होळीच्या सुमाराला निरोप आला की तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, आणि आठव्यात पोटुशीनं गावाला निघायचं नाही हीही रीतच. म्हणजे आठवा लागायच्या आत बापानं जाऊन लेक आणली तर आणली, नाहीतर ती सासरीच अडकली. दुर्गाबाईंनी निरोप ऐकला त्याच दिवशी माळ्यावरचा पाळणा खाली काढून पुसून ठेवला.

घरची दमणी होती. दोन बैलांची, वर छत असलेली, बसायची हलकी गाडी. पण तिची एक धाव झिजून पत्र्यासारखी झाली होती आणि दुसरी सांध्यातच तुटली होती. भाड्यानं गाडी मिळेना. वऱ्हाडातलं प्रत्येक चाक कापसाच्या मागे लागलं होतं. एका भाडेवाल्यानं तर तोंडावर सांगितलं की माणसापेक्षा कापूस बरा, तो वाटेत पाणी मागत नाही आणि नाक्यावर भांडत नाही. शेवटचा टोला वामनरावांना उद्देशून होता.

"अजी, किसनरावची बंडी मागून घ्या ना," दुर्गाबाई म्हणाल्या. "थो नाई म्हननार नाई."

"त्याच्या चांदीवर बसून माही पोरगी येईन? मरून जाईन, पन त्याची बंडी मागनार नाई."

"तुमाले मरायले कोन सांगून राहिलं? पोरगी आना म्हनून राहिली मी."

यावर वामनराव म्हणाले की नव्या धावा बसवून आपल्याच दमणीतून लेक आणीन आणि अशा धावा बसवीन की अकोला पाहत राहील. दुर्गाबाईंनी पाळण्यावर पुन्हा फडकं घातलं.

आता धाव घ्यायची म्हणजे कुठली घ्यायची? इथे शेजारचे नत्थुजी आले. नत्थुजींना जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल मत असे आणि ते सांगितल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. ते ओट्यावर बसले, तंबाखू चोळली आणि म्हणाले, "वामनरावजी, धाव अरुंदच घ्या. दोन बोटं. रुंद धावेले मातीचे गोये लागते. अरुंद धाव कशी, चिखल कापत जाते."

"चैताच्या महिन्यात चिखल कुठचा?"

"अन् वयवाचा पाऊस आला त?"

वामनरावांनी आभाळाकडे पाहिलं. त्यात घारीशिवाय काही नव्हतं. तरी पण एकदा डोक्यात शिरलेला वळवाचा पाऊस बाहेर निघेना. कचेरीतल्या एकानं रुंद धाव सांगितली, कारण अरुंद धाव भेगाळलेल्या जमिनीत फसते. देवळातल्या पुजाऱ्यानं चांदा मुलखाचं लोखंड सांगितलं, विलायती नको, ते पहिल्या धोंड्यावर रडतं. ज्याच्या घरी गाडी सोडा, बैलाची शेपटीही नव्हती, असल्या माणसानं तर वामनरावांना रस्त्यात थांबवून लोखंडाच्या जाडीवर ऐकवलं. वामनराव सगळ्यांवर चिडले, सगळ्यांशी भांडले, आणि शेवटी दोन बोटांचीच धाव पक्की केली, कारण बाकीच्या सगळ्यांपेक्षा नत्थुजी घराजवळ राहत होते आणि त्यांचं ऐकलं नाही तर ते रोज भेटले असते.

वाहेद लोहाराच्या भात्यापुढे कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली. वामनराव कचेरीची पगडी घालून गेले, म्हणजे रांगेत उभं राहावं लागणार नाही. राहावं लागलं. पाळी आली तेव्हा वाहेदनं चाक धरून गदगदा हलवलं. वऱ्हाडच्या उन्हात लाकूड आकसतं, आरे ढिले पडतात. चाक खडखडलं.

"हे चाक हाये का खुयखुया?" वाहेद मागे उभ्या गाडीवानांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. "नातू आला म्हंजे त्याच्या हातात द्या, वामनरावजी. खुशीनं खेयन."

रांग खदखदून हसली. वामनरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. वाहेदनं चाक ठोकून ठाकून नीट केलं, माप घेतलं, गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल केली, चाकावर घातली, पाणी ओतलं, आणि ती चरचरत घट्ट बसली. काम चोख होतं. पण वामनरावांना त्यातलं काही दिसलं नाही, त्यांच्या कानात तो खुळखुळाच वाजत राहिला.

दुर्गाबाईंनी ओवाळलं, नत्थुजींनी शकुन पाहिला, वामनराव निघाले आणि गावाबाहेरच्या सडकेच्या नाक्यापर्यंत व्यवस्थित गेले. नाकेदारानं वाकून धावेवर आपली बोटं ठेवली.

"दोन बोटं? नव्या सडकेवर तीन बोटांच्या खालची धाव नाई चालत. रस्ता कापून काढते. वापस न्या."

"मी कोन आहे माहीत आहे का? मी कचेरीतला माणूस आहे."

"म्हनून त नवल वाटून राहिलं. दवंडी तुमीच पिटवली न, बाप्पा."

हे मात्र खरं होतं. मागच्याच महिन्यात वामनराव भर चौकात दवंडीवाल्याच्या मागे उभे राहून त्याला हुकमाचा शब्द न् शब्द सांगत होते. त्याच्या उच्चारावर दोनदा खेकसलेही होते. हुकूम गाडीच्या धावांचा आहे, तीन बोटांचा आहे, हे सगळं त्यांच्या तोंडातून गेलं होतं, डोक्यातून गेलं नव्हतं. सरकारी हुकूम आपल्यालाही लागू पडतो ही कल्पनाच त्यांना असह्य वाटली. ते नाकेदाराशी ऊन तापेस्तोवर भांडले, त्याचं नाव विचारलं, त्याच्या वरच्याचं नाव विचारलं, आणि दमणी वळवून घरी आले. येताना वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसानं इतक्या लवकर अकोला झालं का म्हणून चौकशी केली.

अरुंद धावा काढल्या. रुंद पट्टी पेठेत कुठे मिळेना. कापसाच्या गाठी बांधणाऱ्यांनी आणि सडकेवाल्यांनी लोखंडाचा तुकडा बाजारात ठेवला नव्हता. उघडी चाकं अंगणात उन्हात पडून राहिली. अशात एका सकाळी किसनराव स्वतः दारात आला.

"मालक, माह्या जुन्या लोखंडी धावा गोठ्यात पडल्या हायेत. तीन बोटांच्याच हायेत. तुमच्या चाकाले बसतीन. ताईले आनाचं हाये म्हनते."

त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा असता तर वामनरावांना सोपं गेलं असतं. तो अगदी मनापासून बोलत होता, आणि तेच त्यांना झोंबलं. त्याच्या चांदीनं हुसकून लावलेलं लोखंड आपल्या चाकाला? त्यांनी त्याला पाणीही न विचारता वाटेला लावलं. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. दुर्गाबाई भांडी सहसा आपटत नसत.

मग थांबणं आलं. पाडवा गेला, रामनवमी गेली. अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवानांबरोबर वामनराव दर आठवड्याला निरोप धाडत, धावा बसल्या की निघतो. गाडीवान परत येत तेव्हा जमुनाचा निरोप आणत, मी वाट पाहून राहिली. दुर्गाबाई तो निरोप दोनदोनदा ऐकून घेत आणि नवऱ्याकडे बघत. या बघण्याचाही वामनरावांना राग येई. आपण हातपाय गाळून बसलो नाही, धावांसाठीच तर फिरतो आहोत, एवढं यांना कळू नये?

अखेर एकदाची वाहेदकडे रुंद पट्टी आली. वामनरावांनी चाकं उचलून पाहिली तर आठवडेच्या आठवडे ऊन खाऊन ती आधीपेक्षा जोरात खडखडत होती. वाहेदची रांग त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आणि मग त्यांनी जे केलं ते सांगताना मलाच चिडायला होतं. त्यांनी दोन्ही चाकं विहिरीच्या हौदात दगड ठेवून बुडवली, दोन रात्री भिजू दिली, कोरडी पुसली, तेलाचा हात फिरवला आणि वाहेदपुढे नेऊन ठेवली. पाण्यानं फुगलेलं लाकूड असं घट्ट बसलं होतं की आऱ्याचा आवाज नाही.

"आता झालं चाक," वाहेद म्हणाला. मग उचलून म्हणाला, "जड लागून राहिलं पन."

"सागवान आहे," वामनराव म्हणाले.

रांगेत कोणी हसलं नाही. वाहेदनं फुगलेल्या चाकाचंच माप घेतलं आणि त्या मापाची धाव चढवली. आता भिजल्या लाकडावर मापलेली धाव लाकूड सुकलं की ढिली होणार, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. वामनरावांनाही कळत होतं. पण चारचौघांत पुन्हा खुळखुळा ऐकायचा नाही, या हट्टापुढे त्यांना अकोला दिसत नव्हतं आणि लेकही दिसत नव्हती.

या खेपेला नत्थुजी बरोबर निघाले. वाटेत अकलेची गरज पडली तर असावं कोणी, असं त्यांचं म्हणणं. नाक्यावर वामनरावांनी मुद्दाम दमणी थांबवली आणि नाकेदाराला बोटं लावून मोजायला लावलं. तो मुकाट्यानं मोजून बाजूला झाला. साऱ्या प्रवासातलं तेवढंच एक सुख.

मूर्तिजापूर मागे पडलं तशी चाकं बोलायला लागली. आधी बारीक टकटक, मग मोठी. दुपारचं ऊन असं की बैलांच्या जिभा बाहेर. नत्थुजींनी खाली उतरून निदान केलं की धाव ढिली झाली. हे दिसतच होतं. मग त्यांनी बाभळीच्या काड्यांच्या पाचरा मारल्या, त्या उडून गेल्या. चिंध्या कोंबायचं ठरलं आणि वामनरावांचं व्याह्यांकडे जायचं रेशीमकाठी उपरणं फाडलं गेलं. प्रत्येक विहिरीवर चाकांवर पाणी ओतलं. पुढच्या कोसात ते वाळून जाई.

"तरी मी म्हनलं होतं, अरुंदच घ्या," नत्थुजी म्हणाले.

वामनरावांनी त्यांना चालत यायला लावलं.

बोरगाव ओलांडून एका उतारावर डावी धाव चाकावरून निसटली. ती नुसती पडती तर गोष्ट वेगळी होती. ती उभीच्या उभी उताराला लागली आणि समोरून येणाऱ्या बंड्यांच्या रांगेत घुसली. बैल बुजले, दोन बंड्या एकमेकींत अडकल्या, सडक तुंबली, आणि वामनरावांच्या बापजाद्यांचा उद्धार झाला. तो त्यांनी ऐकून घेतला, कारण उलट उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता. ते धावेमागे पळत होते. उघडं चाक दगडावर फुटू नये म्हणून नत्थुजींनी दमणी रिकामीच हळूहळू चालवली, आणि वामनरावांनी ती तापलेली लोखंडी धाव खांद्यावर घेतली. टाकून कशी देणार? तिच्यासाठी अख्खा महिना गेला होता. अकोल्याच्या वेशीत तहसील कचेरीचे कारकून वामनराव इंगोले शिरले ते डोक्याला पगडी आणि खांद्याला धाव अशा थाटात, फाटक्या उपरण्यासकट.

जमुनाची सासू माणिकबाई दारातच होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, खांद्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "इवाईबुवा, आले एकदाचे. बरं झालं. उद्या आठवा लागते. आज पाय घराबाहेर पडला म्हंजे झालं, मंग वाटेत मुक्काम किती का होईना. आमच्या गाड्या साऱ्या कापसाले गेल्या, नाईतर मीच धाडली असती."

"चिंता नको," वामनराव म्हणाले. "इथला लोहार गाठतो, धाव लहान करून घेतो, सांजेपर्यंत निघतो."

"आज नाई व्हाचं थे," व्याही चंद्रभानजी ओसरीवरून म्हणाले. ते कापसाचे दलाल, पण गाड्यांबद्दल त्यांनाही मत होतंच. "अन् तीन बोटांची कायले घेतली? साडेतीनची घ्याची."

"दोनचीच बरी," नत्थुजी दारातून आत येता येता म्हणाले.

"दोनची नाक्यावर अडवतात," वामनरावांचा आवाज चढला. "मला शिकवता? सारं लोखंड पालथं घातलंय मी. चूक जाडीची आहे."

तिघं ओसरीवर बसले. धाव मध्ये ठेवली. कोणी तिच्यावर बोटं ठेवून मोजली, कोणी बोटानं वाजवून पाहिली. ऊन कलायला लागलं होतं. आतून जमुना आली तेव्हा तिघांपैकी कोणाचंही तिच्याकडे लक्ष गेलं नाही. ती खांबाला धरून उभी राहिली. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले.

"बाबा, तुमी मले न्यायले आले का धावा बसवाले?"

"तुलेच न्यायले आलो, माय. पन आता हा लोहार..."

"होई झाली. पाडवा झाला. रामनवमी झाली. मी रोज ह्या उंबऱ्यावर. सासूबाई रोज इचारत, आला काय वं तुहा बाप? मी रोज सांगो, निघाले असन, आज सांजले येतीन. रोज खोटं बोलली मी. तुमची इज्जत राहावं म्हनून बोलली. अन् तुमी तथी चाकाची इज्जत सांभायून राहिले."

"मी कवा टोचून बोलली वं?" माणिकबाई म्हणाली.

"तुमी नाई बोलल्या, सासूबाई. त्यानंच जास्त लाज वाटे."

जमुनाचा आवाज ओसरीत घुमत होता. चंद्रभानजी उगाच खाली पाहू लागले. नत्थुजींनी धावेवरची बोटं हळूच काढून घेतली.

"अमरावतीच्या रिकाम्या बंड्या रोज दारावरून जातेत," ती म्हणाली. "कापूस खानदेशात टाकून वापस जातेत. कोन्तीत बी बसवून मले नेलं असतं. निरोप घेऊन येनाऱ्या गाडीवानाले एक शब्द सांगाचा होता. मायले मी पायजे होती. धावा नोको होत्या तिले."

ती आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. ते बांधलेलं होतं. कधीपासून बांधलेलं होतं हे विचारायची वामनरावांची छाती झाली नाही. माणिकबाईनं धावपळ करून तिच्या हातावर दही घातलं, ओटीत तांदूळ टाकले. जमुना अंगण ओलांडून सरळ रस्त्यावर जाऊन उभी राहिली. एक बंडी आली. तिच्यावर मळकं धोतर नेसलेला म्हातारा गाडीवान पेंगत होता.

"कोन्त्या गावाले, बावाजी?"

"अमरावती."

"मले घ्या."

"कापसाचा कचरा हाये, बाई, बंडीत."

"मऊच असन."

कचेरीतल्या माणसाची लेक असल्या बंडीतून अख्ख्या अकोल्याच्या बाजारातून जाणार, हे वामनरावांच्या डोक्यात आलं आणि संताप उसळून वर आला. ते ओरडायला तोंड उघडतात तो बंडीत चढलेल्या जमुनानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. कपाळाची शीर तटतटलेली, ओठ आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. रोज दाढी करताना ते तो आरशात पाहत. त्यांनी तोंड मिटलं, पगडी काखेत घेतली आणि बंडीच्या मागे पळत जाऊन वर चढले.

"वामनरावजी," नत्थुजी मागून ओरडत होते, "त्या बंडीच्या धावा कोन्त्या हायेत थे तरी पाहून घ्या."

वामनरावांनी खाली पाहिलं नाही. लेक कापसाच्या फोलपटांत पाय पसरून बसली होती. वेस गेली, मोर्णेचं पात्र मागे पडलं. बंडी हादरे देत होती आणि दर हादऱ्याला ती पोटावर हात धरत होती. त्यांना स्वतःची अशी चीड आली की कुणाला शिव्या द्याव्यात कळेना. नाकेदार आठवला, वाहेद आठवला, किसनराव आठवला. त्यातल्या एकावरही राग ठरेना.

"माय," ते शेवटी म्हणाले, "चुकलं माह्यं."

कोसभर पुढे गेल्यावर जमुना थोडी सरकली आणि तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. तापलेल्या धावेनं सोलून काढलेला तोच खांदा होता. वामनरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका हातानं बंडीचा दांडा घट्ट धरून ते तसेच बसून राहिले, आणि तिचा डोळा लागल्यावर पुढच्या मुक्कामापर्यंत त्यांनी खांदा हलवला नाही.